वासराच्या नळीतली काळी रेघ

डभोई रोडवरच्या एका गोठ्याचे मालक परवा माझ्यासमोर बसले आणि त्यांनी फोन पुढे केला. त्यांच्या नऊ महिन्यांच्या कालवडीच्या पुढच्या पायाचा एक्स-रे होता, फिल्म खिडकीच्या काचेवर धरून त्याचा काढलेला फोटो. "ही बघा डॉक्टर, फट." पायाच्या नळीच्या खालच्या टोकाला, हाडाला आडवी छेदून जाणारी काळी रेघ स्पष्ट दिसत होती. कोणीतरी ती पाहून 'हाड मोडलंय' म्हटलं होतं आणि दोन आठवड्यांचं प्लास्टरही घातलं होतं. कालवड पाय टेकत नव्हती हे खरं, पण दुखणं खुरात होतं. तळव्यात खडा रुतून आत पू झाला होता. प्लास्टर सोडलं, खूर कोरून पू मोकळा केला, आणि चौथ्या दिवशी ती चालू लागली. ती रेघ मोडलेल्या हाडाची नव्हतीच, वाढत्या हाडाची होती.

गेली अनेक वर्षं बडोद्याच्या आसपास, पादरा, वाघोडिया, डभोई या भागांत मी गुरं तपासतो आहे, आणि आता एक्स-रे पूर्वीसारखा दुर्मीळ राहिलेला नाही. हातात उचलून नेता येणारी यंत्रं आली आणि चित्र लगेच लॅपटॉपवर दिसू लागलं. चित्र काढणं सोपं झालं, पण ते वाचणं अजून तितकंच अवघड आहे. म्हणून गुरं पाळणाऱ्यांसाठी आणि पशुवैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांसाठी थोडं तपशिलात लिहितो.

आधी ती रेघ. वासराचं लांब हाड टोकाशी वाढतं. तिथे कूर्चेचा एक पातळ थर असतो; त्याला आपण वाढपट्टी म्हणू. हाडातलं कॅल्शियम क्ष-किरण अडवतं म्हणून हाड पांढरं दिसतं. कूर्चेत ते नसतं, किरण आरपार जातात आणि तिथे काळी रेघ उमटते. वय वाढतं तशी ती रेघ अरुंद होत जाते, मग धूसर होते, शेवटी हाडात हाड मिसळून मिटते. मिटली की त्या टोकाला लांबी वाढणं संपलं. विल्हेल्म रोंटगेनने १८९५च्या डिसेंबरात बायकोच्या हाताचं चित्र काढलं त्यात बोटातली अंगठी दिसते. तिचा हात प्रौढ होता म्हणून त्यात रेघा नाहीत. मुलाचा हात असता तर कदाचित पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यालाही प्लास्टर घालायचा सल्ला दिला असता.

सगळ्या पट्ट्या एकाच वेळी मिटत नाहीत, आणि अभ्यासाची खरी गंमत यातच आहे. गायीत खुराजवळच्या बोटाच्या पहिल्या हाडाची पट्टी साधारण दीड ते दोन वर्षांत मिटते. पुढच्या पायाच्या नळीची खालची पट्टी दोन ते अडीच वर्षांत. पण त्याच पायात थोडं वर, आपण ज्याला गायीचा गुडघा म्हणतो त्याच्या लगेच वरची पट्टी साडेतीन ते चार वर्षं उघडी राहते. मांडीच्या हाडाचं वरचं टोकही असंच उशिरा मिटतं. म्हणजे खुराकडून वर जावं तसं हाड उशिरा पक्कं होतं, असा ढोबळ नियम मनात ठेवला तरी चालेल. कोपराजवळचं टोक मात्र त्याला अपवाद, ते दीड वर्षाच्या आतबाहेर लवकर मिटून जातं. म्हशीची वाढ गायीपेक्षा संथ असते, तिचे दातही उशिरा पडतात, म्हणून गायीचे आकडे रेडीला जसेच्या तसे लावू नका. सुरती म्हैस नावाने सुरतेची असली तरी तिचं घर मही आणि साबरमतीच्या मधल्या मुलखात आहे, खेडा, आणंद आणि आपल्या बडोद्यात. तेव्हा हा इशारा इथल्या माणसाने विशेष ध्यानात घ्यावा.

बैल बडवण्याचा प्रश्नही इथेच येतो. पट्ट्या मिटवायचा हुकूम वयात आल्यावर शरीरातले लैंगिक संप्रेरक देतात. गोऱ्हा फार लहानपणी खच्ची केला तर तो हुकूम उशिरा पोहोचतो, पट्ट्या जास्त काळ उघड्या राहतात आणि जनावर उंच, लांब पायांचं पण खांद्यात हलकं होतं. ओढकामाला बैल करायचा असेल तर जुनी माणसं 'जरा भरू दे, मग बघू' म्हणत. त्यांनी एक्स-रे पाहिला नव्हता, पण निरीक्षण बरोबर होतं.

आता त्या कालवडीकडे परत येतो. ही चूक टाळायला एक साधा उपाय होता, तो म्हणजे दुसऱ्या पायाचं चित्र. डावा दुखत असेल तर उजव्याचंही त्याच कोनातून काढा. दोन्हीकडे तीच रेघ त्याच जागी, तितकीच रुंद असेल तर ती निसर्गाची आहे. एका बाजूला रेघ वाकडी, पायरी पडलेली किंवा एका कडेला रुंदावलेली असेल तर मात्र पट्टीतूनच हाड निखळलं असण्याचा संशय घ्या. अडलेल्या गायीचं वासरू दोरी बांधून जोराने ओढलं की नेमकं असंच होतं, नळी खालच्या पट्टीजवळ मोडते. अशा मोडींचं वर्गीकरण टोरांटोच्या साल्टर आणि हॅरिस या दोन शल्यविशारदांनी १९६३ मध्ये मुलांसाठी केलं, आणि आज वासरांसाठीही तेच वापरतात.

नवख्याला फसवणाऱ्या आणखी दोन जागा सांगून ठेवतो. गायीची नळी दिसायला एक असली तरी ती दोन हाडं जुळून झालेली असते, त्यामुळे समोरून काढलेल्या चित्रात मधोमध उभी रेघ दिसते आणि खालचं टोक दुभंगलेलं दिसतं. ते तसंच असतं. आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे चार छोटी सुटी हाडं असतात. ती तुटलेले तुकडे नव्हेत.

शरीररचना शिकायला फिल्मपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. आधी खरं हाड हातात घ्या. बडोद्यातल्या मुलांना मी कमाटीबागेतल्या संग्रहालयात जायला सांगतो. १९४४ मध्ये महीच्या मुखाकडे वाट चुकून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. लोक त्याची लांबी पाहून तोंडात बोट घालतात आणि ममीकडे वळतात. तुम्ही त्याच्या परापाशी थांबा. त्यात दंडाचं हाड आहे, हाताची दोन हाडं आहेत, बोटं आहेत. हाच हात गायीतही आहे, फक्त ती तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या टोकांवर उभी आहे. तिचा 'गुडघा' म्हणजे आपलं मनगट, आणि मागच्या पायाचा वर मागे झुकलेला कोपरा म्हणजे आपला घोटा. तिचा खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला आहे. एवढं डोक्यात बसलं की एक्स-रेवरच्या लहान लहान हाडांची गर्दी भीतीदायक वाटत नाही, ती मनगटातली हाडं असतात एवढंच.

वाढ मोजायची असेल तर नुसतं 'एक्स-रे काढा' म्हणून भागत नाही. एका चित्राने वाढ कळत नाही, दोन चित्रांमधल्या फरकाने कळते, आणि तो फरक खरा असायला दोन्ही चित्रं एकाच रीतीने काढलेली हवीत. हिशेब करून दाखवतो. यंत्रापासून प्लेट १०० सेंटीमीटरवर आहे आणि हाड प्लेटपासून ५ सेंटीमीटर दूर आहे, तर २० सेंटीमीटरचं हाड चित्रात सुमारे २१ सेंटीमीटर दिसेल. सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाने यंत्र ८० सेंटीमीटरवर धरलं आणि जनावर हललं म्हणून प्लेट १० सेंटीमीटर लांब राहिली, तर तेच २० सेंटीमीटरचं हाड जवळजवळ २३ सेंटीमीटर दिसेल. हाड मिलिमीटरभर वाढलेलं नाही आणि वहीत पावणेदोन सेंटीमीटर वाढ लिहिली गेली. म्हणून अंतर टेपने मोजा, लिहून ठेवा, प्लेट पायाला जमेल तितकी चिकटवून धरा, आणि हाडाच्याच उंचीवर एक धातूची पट्टी किंवा ज्याचं माप ठाऊक आहे असं नाणं चिकटवा. चित्रात नाणं किती मोठं झालं त्यावरून हाड किती फुगलंय ते काढता येतं.

कोन दोन हवेत, एक समोरून आणि एक बाजूने. डावा-उजवा दाखवणारी शिशाची खूण चित्रातच उमटली पाहिजे. नंतर पेनने लिहिलेल्या खुणेवर मी विश्वास ठेवत नाही. एक्स-रेच्या आधी पाय धुऊन वाळवा. शेण आणि चिखल वाळला की त्याचे ठिपके हाडावर पडतात, आणि ओल्या केसांच्या रेघा उमटतात. खुराचं चित्र असेल तर खूर कोरून भेगेतली माती काढलीच पाहिजे, नाहीतर मातीचा खडा आणि हाडातला दोष यांत फरक करणं कठीण जातं. आणि मोबाइलवर पाठवलेलं चित्र निदानाच्या गप्पांना चालतं, मापाला चालत नाही. पाठवताना ते आकसतं, कडा कापल्या जातात, आणि नेमकी कडेची पट्टी गायब होते. केंद्रातून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या.

कॉलेजातल्या मुलांनी वाढीचा अभ्यास घ्यायचा असेल तर सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस महिने असे टप्पे पुरेत. दर महिन्याला चित्र काढून हाती काही लागत नाही आणि जनावराला उगाच भूल द्यावी लागते. अशा अभ्यासाला संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी आधी घ्यावी लागते, मार्गदर्शक विसरले तरी तुम्ही विसरू नका.

वयाखेरीज त्या रेघेत जनावराच्या खाण्यापिण्याचा इतिहासही असतो. फॉस्फरस किंवा ड जीवनसत्त्व कमी पडलं की पट्टी रुंद होते, तिच्या कडा अस्पष्ट होतात आणि हाडाचं टोक वाटीसारखं पसरतं; बाहेरून सांधे सुजलेले दिसतात. हा मुडदूस. गुजरातच्या उन्हात हा कसा होईल, असं वाटतं ना? पण वासराला जन्मल्यापासून पत्र्याच्या अंधाऱ्या तबेल्यात दाव्याला बांधून ठेवलं, दूध विकायला गेलं आणि त्याच्या पुढे नुसता कडबा राहिला, तर उन्हाचा काय उपयोग? मोठ्या आजारातून किंवा उपासमारीतून वासरू उठलं की हाडात पट्टीला समांतर बारीक पांढरी रेघ राहते, वाढ थांबून पुन्हा सुरू झाल्याची. पुढे हाड वाढतं तशी ती पट्टीपासून दूर सरकते.

आपल्या भागात एक गोष्ट मुद्दाम शोधावी. बडोद्यापासून २०१३ मध्ये वेगळ्या झालेल्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर आहे, फ्लोराइडच्या खनिजासाठी नाव असलेला डोंगर. कडीपाणीला ते खनिज शुद्ध करण्याचा प्रकल्पही आहे. फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्यावर वर्षानुवर्षं वाढलेल्या गुरांच्या दातांवर आधी तपकिरी डाग पडतात, मग दात झिजतात, मग जनावर आखडून चालू लागतं. एक्स-रेत नळीचं हाड जाड झालेलं आणि त्याच्या अंगावर ओबडधोबड गाठी आलेल्या दिसतात. त्या पट्ट्यातून विकत आणलेली गाय कारण न कळता लंगडत असेल तर आधी ओठ उचलून दात बघा, मग नळीचा एक्स-रे काढा, आणि पाणी तपासायला पाठवा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड माणसालाही चालत नाही. हाडावर आलेली गाठ औषधाने जात नाही, पण बोअर बदलला तर मागची वासरं वाचतात.

आता यंत्राची मर्यादा. हातातलं छोटं यंत्र नळीला, खुराला, पुढच्या गुडघ्याला आणि मागच्या घोट्याला छान पुरतं. ६० ते ७५ किलोव्होल्टवर काम होतं. वासराच्या कोपरापर्यंतही जाता येतं. पण पाचशे किलोच्या म्हशीची छाती, कंबर किंवा पोट त्याने दिसणार नाही. तिथे रुग्णालयातलं मोठं, बसवलेलं यंत्र लागतं. टेम्पो भाड्याने घेऊन, म्हैस चढवून, उन्हातून नेऊन शेवटी 'आमच्याकडे पायाचाच निघतो' हे ऐकलेले लोक मी पाहिलेत. निघण्याआधी फोन करा आणि यंत्र कुठलं, कोणत्या भागाचं चित्र निघेल, जनावराला उपाशी आणायचं का, एवढं विचारा. आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय बडोद्याहून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा आणि रेडिओलॉजीचा एकत्र विभाग असतो. महाराष्ट्रातल्या वाचकांनी परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर यांपैकी जवळचं पाहावं.

मोठ्या यंत्राची गरज पडते ती विशेषतः दोन दुखण्यांत. एक, तार किंवा खिळा गिळणं. तो जाळीच्या पोटात जाऊन बसतो, आणि त्या पोटाच्या पुढे छातीचा पडदा आणि त्यापलीकडे लगेच हृदय असतं. (गायीच्या हृदयात एक छोटं हाड असतं हे जाता जाता सांगतो, परीक्षेत विचारतात.) दुसरं, पडदा फाटून जाळीचं पोट छातीत शिरणं. हे गायीपेक्षा म्हशीत जास्त दिसतं. पोट पुन्हा पुन्हा फुगतं, शेण थोडं आणि काळं पडतं, दूध आटतं. एक्स-रेत पडद्याची रेषा तुटलेली दिसते. या दोन्हीत चित्र वेळेवर निघालं तर शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येतो. पण शहरातल्या गायीच्या पोटातली प्लास्टिकची पिशवी मात्र एक्स-रेत दिसत नाही. पोटात दहा-वीस किलो पिशव्या असल्या तरी फिल्म तुम्हाला फक्त तिच्यातला खिळा दाखवेल. चित्र स्वच्छ आलं म्हणून पोट स्वच्छ आहे असं समजू नका.

सुरक्षिततेबद्दल मी जरा खडूसच आहे. गोठ्यात एक्स-रे काढताना सगळं घर बघायला जमतं. यंत्र चालू होताना जनावर धरणारा सोडून सगळ्यांनी दूर जायचं. अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा चौथ्या हिश्शावर येते, म्हणून दोन पावलं मागे हटणंसुद्धा फुकट जात नाही. धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालायचा, पण एप्रन आणि हातमोजे फक्त विखुरलेल्या किरणांपासून वाचवतात. थेट झोतात हात गेला तर मोजाही वाचवत नाही. प्लेट हाताने धरू नका, लांब दांड्याची पकड मागा. नसेल तर लाकडी ठोकळ्यावर पाय आणि ठोकळ्याला टेकवलेली प्लेट चालते. गरोदर बाई आणि अठराच्या आतली मुलं तिथे नकोतच. सर्वसामान्य माणसाला कामाच्या किरणांतून वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, आणि या कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, ही अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे. एक्स-रे काढणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला आहे का, हे बघायला लाजू नका.

भूल देणार असतील तर गाय गाभण आहे का ते आधी सांगा. गुरांना झायलझीन घोड्याच्या दहाव्या हिश्शात लागू पडतं, म्हणून घोड्यांच्या अनुभवावर ठोकताळे बांधणाऱ्यापासून जपा.

'एक्स-रे काढलेल्या म्हशीचं दूध प्यायचं का?' हा प्रश्न मला प्रत्येक गोठ्यात, आणि बहुतेकदा सासूबाईंकडून येतो. प्या. यंत्र बंद झालं की किरणही संपतात. जनावरात, दुधात, शेणात काही उरत नाही. भूल दिली असेल तर त्या औषधासाठी किती वेळचं दूध टाकायचं ते डॉक्टरांना विचारा. तो भाग औषधाचा आहे, किरणांचा नाही.

आणि बऱ्याचदा एक्स-रेची गरजच नसते. कालवड नीट वाढते आहे का, एवढंच पाहायचं असेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी इंचात मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० केलं की अंदाजे किलो येतात. घेर ५० आणि लांबी ४४ असेल तर सुमारे १६७ किलो. दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी पाणी पाजण्याआधी मोजा. वयाचा प्रश्न असेल तर तोंड उघडा. आदत, दोन दाती, चार दाती ही मोजणी बाजारात आजही चालते ती उगाच नाही. गाय साधारण दोन वर्षांच्या सुमारास दोन दाती होते. नॉर्वेतल्या वराहपैदाशीत निवडीसाठीच्या नरांचं सीटी स्कॅन करून मांस आणि हाडांचं प्रमाण काढतात, पण तो खर्च हजारो पिल्लांवर विभागला जातो. आपल्या चार म्हशींच्या गोठ्याला टेपच शोभते. एक्स-रे तेव्हाच काढावा, जेव्हा चित्र पाहून तुमचा पुढचा निर्णय बदलणार असेल. पाय बांधायचा की नाही, जनावर ठेवायचं की नाही, पाणी बदलायचं की नाही.

काढलाच, तर त्यावर लिहायचं काय हे शेवटी सांगतो, कारण सगळे इथेच चुकतात. लोक 'लाल गाय' किंवा 'गौरी' लिहितात, आणि दोन वर्षांनी गोठ्यात तीन गौऱ्या असतात. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. तो पूर्ण लिहा, खाली तारीख, पाय कुठला, जन्मतारीख माहीत असेल तर ती, आणि यंत्राचं अंतर. डभोई रोडच्या त्या मालकांनी कालवडीची दुसरी फिल्म आणली तेव्हा पाकिटावर हे सगळं होतं, फक्त बिल्ल्याचे अकराच आकडे होते. त्यांना परत पाठवलं, गाईचा कान वाचून या म्हणून.